जिरात (Jira, टीमची कामं ट्रॅक करायचं सॉफ्टवेअर) एकच सबटास्क पुढच्या स्प्रिंटला (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याला) कसा न्यायचा?

प्रश्न: एका स्टोरीखाली (म्हणजे मुख्य कामाखाली) डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग असे सबटास्क केलेत, आता फक्त टेस्टिंगवाला पुढच्या स्प्रिंटमध्ये टाकायचाय पण कुठे ऑप्शनच दिसेना, कुणी सांगेल का?

उत्तर: नाही जमणार, सबटास्क पॅरेंटच्याच (ज्या स्टोरीखाली तो आहे तिच्याच) स्प्रिंटमध्ये राहतो. टेस्टिंग खरंच नंतर होणार असेल तर तो कन्व्हर्ट करून साधा टास्क बनवा आणि मूळ स्टोरीला लिंक करा, मग कुठल्याही स्प्रिंटला न्या.

उत्तर: शिवाय स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाज) पॅरेंटलाच द्या, सबटास्कचे व्हेलॉसिटीत (टीम एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंट पूर्ण करते त्यात) धरत नाहीत.

उत्तर: अ‍ॅडमिनला सांगून वर्कफ्लोत (काम कुठल्या स्टेटसमधून कुठे जातं त्या सेटिंगमध्ये) सबटास्क ब्लॉकिंग कंडिशन लावून घ्याच, नाहीतर सबटास्क उघडे असतानाच कुणीतरी स्टोरी डन करून मोकळं होतं.

प्रश्नकर्ता: अरे वा, ही कंडिशन माहीतच नव्हती, आजच सांगतो त्यांना. थँक्स सगळ्यांना!