दीर्घिकांच्या टकरींना एवढं श्रेय कशाला?

मांडवीकाठ: रविवारी फोंड्यात व्याख्यान ऐकलं. दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट समूह, जवळ आल्या की नवे तारे जन्मतात, असं वक्ते ठासून सांगत होते. मला हे अर्धंच पटलं. विश्वात तारे सर्वांत जोमानं घडत होते ते सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी. हर्शेल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०११मध्ये मांडलेल्या हिशोबात तेव्हा एकाएकी उसळून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तारे घडवणाऱ्या दीर्घिकांचा वाटा जेमतेम १० टक्के भरला. बाकी तारे साध्यासुध्या दीर्घिकांत निवांत घडले. टकरींचे फोटो देखणे, म्हणून त्यांना भाव.

सत्तरीवाला: बाब, मग एम ८२ या दीर्घिकेचं काय? सप्तर्षीत, १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर. वर्षाला सुमारे दहा सूर्यांच्या वस्तुमानाइतके तारे घडवते. आपली आकाशगंगा तिच्याहून कितीतरी मोठी, पण एक-दोनवर थांबते! शेजारच्या एम ८१शी झालेल्या ओढाताणीचा हा परिणाम. साध्या फोटोत दोघी सुट्या दिसतात, रेडिओ दुर्बिणीला मात्र मधले हायड्रोजनचे पूल दिसतात. अशा ओढाताणीत वायूचा कोनीय संवेग, म्हणजे गोल फिरण्याचा जोर, कमी होतो, तो केंद्राकडे घसरतो, तिथं दाटतो आणि तारे घडतात. अर्प २२०सारख्या, अवरक्तात (डोळ्यांना न दिसणाऱ्या, तांबड्यापलीकडच्या प्रकाशात) सूर्याच्या लाख कोटीपट तळपणाऱ्या दीर्घिका घ्या. आपल्या आसपासच्या अशा जवळपास सगळ्या विलीन होताना सापडतात. हा योगायोग?

शिरोड्याची: वायू असेल तर ना! वायू संपलेल्या दोन लंबवर्तुळाकार दीर्घिका मिसळल्या तरी नवे तारे जवळजवळ नाहीतच. चुलीत लाकूडच नसेल तर फुंकणी मारून काय होणार? स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या जवळजवळच्या दीर्घिकांच्या जोड्यांत तारे घडण्याच्या वेगाची सरासरी वाढही फार तर दुपटीच्या आसपास.

सत्तरीवाला: सरासरीवर जाऊ नका हो. विलीनीकरण अब्जभर वर्षं चालतं, उसळी त्यातला थोडाच काळ. बहुतेक जोड्या आपल्याला उसळीच्या आधी नाहीतर नंतर दिसतात.

डिचोलीकर: आपल्या घरचंच बघा की. 'गाया' या अवकाश दुर्बिणीच्या मोजणीवरून २०२०मध्ये दाखवलं गेलं, की सूर्याच्या परिसरात ५.७, १.९ आणि १ अब्ज वर्षांपूर्वी तारे उसळून घडले. आपल्या आकाशगंगेभोवती फिरणारी छोटी धनू बटू दीर्घिका जवळून गेली तीही साधारण तेव्हाच.

मांडवीकाठ: काळ जुळला म्हणून कारण ठरलं? त्या फेऱ्यांचे काळ संगणकी प्रतिकृतींतून येतात. धनू बटूचं पूर्वीचं वस्तुमान कमीजास्त धरलं की तेही सरकतात.