स्वस्तातला लोखंडी रंधा घेताना दुकानातच काय तपासावे?

खानापूरचा हौशी
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात राहतो आणि घरच्या गरजेपुरती सुतारकी करतो. दाराखिडक्यांची डागडुजी, पाट, चौरंग, देव्हारा अशी कामे असतात. आतापर्यंत गल्लीतल्या सुतारकाकांचा लाकडी रंधा मागून आणत होतो, परंतु आता स्वतःचा लोखंडी रंधा घ्यायचा आहे. बेळगावच्या दुकानांत चार नंबरचे, म्हणजे साधारण साडेनऊ इंच लांबीचे रंधे पाहिले. दिसायला हुबेहूब सारख्या असणाऱ्या दोन रंध्यांच्या किमतींत जवळपास दुपटीचा फरक आहे आणि दुकानदार दोन्हींना चांगलेच म्हणतो. माझ्याकडचे लाकूड बहुतांशी जुने सागवान, थोडे फणसाचे. दुकानात लाकडावर चालवून पाहण्याची सोय नसते, तेव्हा नुसते हातात घेऊन काय पारखावे?

उद्यमबागचा फिटर
मी सुतार नाही. बिडाच्या ओतीव भागांचे मशीनिंग हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे त्याच नजरेने सांगतो. आजचे बहुतेक लोखंडी रंधे लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराच्या रचनेवर बेतलेले आहेत. त्याचे हक्क स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये घेतले होते. ते केव्हाच संपले, म्हणून ही रचना आता कोणीही बनवू शकतो. किमतीतला फरक बराचसा ओतकामाचा आणि मशीनिंगचा असतो. तेव्हा प्रत्येक दोष पाहताना तो आपल्याला घरी काढता येईल की नाही, एवढे स्वतःला विचारावे.

सर्वांत आधी पाते आणि त्याखालचा फ्रॉग, म्हणजे ज्या उतरत्या बैठकीवर पाते टेकते तो भाग, सोडवून पाहू देण्याची विनंती करावी. फ्रॉग आणि रंध्याचे अंग जिथे एकमेकांना टेकतात, त्या जागा मशीनवर घासलेल्या, चकचकीत असाव्यात. स्वस्त मालात तिथे पुष्कळदा रंगाचा थर किंवा ओतकामाचा खडबडीतपणा तसाच राहिलेला असतो. नुसता रंग असेल तर खरवडून निघतो. पण फ्रॉग बोटांनी दाबल्यावर डुगडुगत असेल, तर रंधा चालवताना पाते थरथरते, लाकडावर आडव्या लाटा उमटतात आणि कितीही धार लावली तरी त्या जात नाहीत. असा रंधा निम्म्या किमतीतही घेऊ नये.

त्यानंतर तळ पाहावा. पाते आत ओढून, पण पाते दाबून धरणारी वरची पकड नेहमीसारखी कसून, मगच तपासावे. कारण त्या ताणाने अंग किंचित वाकते. खात्रीची स्टीलची पट्टी तळावर उभी धरून उजेडाकडे पाहावे, आधी लांबीत आणि मग दोन्ही कर्णांवर. पुढचे टोक, तोंडाच्या, म्हणजे पाते जिथून बाहेर येते त्या फटीच्या, लगतची पुढची कड आणि मागचे टोक ही तीन ठिकाणे एका पातळीत असली की काम भागते, मधल्या भागात थोडी पोकळी असली तरी बिघडत नाही. तोंडापुढचा भागच खोलगट असेल तर मात्र बारीक साल निघत नाही. तळाला पीळ असेल तर तो काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासत बसण्याइतका सोपा नसतो. सरफेस ग्राइंडिंग, म्हणजे मशीनवर तळ घासून सपाट, करून देणारे आमच्याकडे आहेत, परंतु तो खर्च धरला तर महागडा रंधाच घेतलेला बरा.

खोली कमीजास्त करणारे पितळी चाक एखादा फेरा मोकळे फिरते म्हणून रंधा नाकारू नका. बाजू तळाशी काटकोनात आहेत का, याचीही चिंता नको. बाजूवर आडवा ठेवून टोके रंधायची असतील तरच त्याने फरक पडतो. वजनावरून तर काहीच ठरत नाही. आणि साधे बीड ठिसूळ असते, फरशीवर पडले की फुटते. अंग एसजी आयर्नचे, म्हणजे सहज न फुटणाऱ्या चिवट बिडाचे, असल्याचे लिहिलेले असेल तर तेवढे पैसे जास्त देण्यास हरकत नाही.

निपाणीचा सुतार
फिटरसाहेबांचे फ्रॉगबद्दलचे म्हणणे शंभर टक्के मान्य, परंतु त्यांनी पात्याला जागाच दिली नाही. सागवानात वाळूसारखा अंश असतो आणि तो धार फार लवकर खातो. त्यामुळे पात्याला पाणी नीट दिलेले नसेल, म्हणजे ते तापवून-विझवून नीट कडक केलेले नसेल, तर हौशी माणूस रंधण्यापेक्षा दगडावरच जास्त वेळ घालवतो. दुकानात जुनी बारीक कानस सोबत न्यावी आणि विचारून पात्याच्या पुढच्या कोपऱ्यावर हलकेच ओढावी. कानस सहज चावली तर पाते मऊ आहे, घसरली तर ठीक. कडेला निळसर झाक दिसली, तर ग्राइंडरवर तापून पाणी उतरले असण्याचा संभव आहे.

नवे पाते पेटीतून काढल्यावर दाढी करण्याइतके धारदार नसते, म्हणून कोणी रंध्याला नावे ठेवू नयेत. २५ अंशांचा उतार कारखान्यातून मिळतो. ३० अंशांवर टोक आणि सपाट पाठ आपणच घासून घ्यायची. पात्यावर बसणाऱ्या दुसऱ्या लोखंडाची कड पात्याला पूर्ण चिकटते का, हेही उजेडात पाहा. फट असेल तर तीत साल अडकून तोंड तुंबते, मात्र हा दोष दगडावर घासून जातो. माझ्या मते हाती असलेल्या रकमेतून आधी चांगल्या दगडाचे पैसे बाजूला काढावेत आणि उरलेल्यात रंधा घ्यावा.

खानापूरचा हौशी
दोघांचेही आभार. आणखी एक शंका आहे. मी पाहिलेल्या स्वस्त रंध्याचे तोंड बरेच रुंद होते. हा दोष कोणत्या प्रकारात धरावा? शिवाय आमच्याकडचा पावसाळा आपण जाणताच; लोखंडाला चार दिवसांत गंज धरतो.

उद्यमबागचा फिटर
फ्रॉगचे स्क्रू सैल करून तो पुढे सरकवला की तोंड अरुंद होते. सरकवण्याची सोय आहे का, ते दुकानातच पाहून घ्या, कारण काही स्वस्त रंध्यांत तो एकाच जागी बसतो. तोंडाची कड तिरकी कापलेली असेल, तर बारीक कानशीने सरळ करता येते. तसे करताना तोंड आणखी रुंद होते, म्हणून तिरकेपणा डोळ्यांना सहज दिसत असेल तर दुसरा नग मागावा. गंजासाठी काम संपल्यावर मशीनचे तेल लावलेले फडके तळावरून आणि पात्यावरून फिरवावे, आणि पावसाळ्यात रंधा बंद प्लॅस्टिक पिशवीत न ठेवता कोरड्या लाकडी पेटीत ठेवावा.

निपाणीचा सुतार
तेलाचे डाग लाकडावर पडले की पॉलिश धरत नाही, म्हणून रंधायला घेण्यापूर्वी तळ कोरड्या फडक्याने पुसून मेणबत्ती ओढावी. रंधाही हलका चालतो.