सततचा थकवा आणि चिनी वैद्यक: ‘स्प्लीनची छी कमी’ म्हणजे नेमकं काय?

अर्धीझोप

वय 41, दिवसभर खुर्चीत बसून काम. गेले आठ महिने एकच रड: थकवा. झोप सात-साडेसात तास होते, तरी सकाळी रात्रभर ओझी वाहिल्यासारखं अंग. डोक्याभोवती कुणी ओला टॉवेल गुंडाळलाय असं वाटतं. दुपारी जेवण झालं की एकच ओळ चार-चारदा वाचते.

कंटाळून चिनी वैद्यक करणाऱ्या एका बाईंकडे गेले. त्यांनी खिडकीपाशी उजेडात नेऊन जीभ पाहिली. मग मनगटावर तीन बोटं ठेवून बराच वेळ गप्प. मधूनच एखादं बोट दाबायच्या, सोडायच्या. मग दुसरं मनगट. प्रश्न तर असले: गार पाणी प्यावंसं वाटतं की कोमट? पाळीत रक्त किती जातं? (खूप.) चालून आल्यावर बरं वाटतं की आणखी गळून जाता? शेवटी म्हणाल्या, "तुमच्या स्प्लीनची छी कमी पडलीय आणि आत ओल साचलीय."

(‘छी’ म्हटलं की मराठी माणसाचं नाक आधीच मुरडतं, पण असो.)

स्प्लीन म्हणजे प्लीहा, म्हणून मी घाबरून सोनोग्राफी करून आले. प्लीहा ठणठणीत! काढ्याची पुडकी घरात तशीच पडून आहेत. सरळ सांगा, मला गंडवलंय का?

तीनबोटं

गंडवलं नसावं. समजावून सांगितलं नाही, एवढं नक्की. मी चार वर्षं अ‍ॅक्युपंक्चर शिकले, आता ते काम करत नाही, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायची गरज नाही.

त्या ‘स्प्लीन’चा सोनोग्राफीतल्या प्लीहेशी फारसा संबंध नाही. मूळ चिनी शब्द ‘पी’. खाल्लेल्याचं बळात रूपांतर करणं, ते वर पोचवणं, शरीरातलं पाणी खेळतं ठेवणं, ही सगळी कामं त्या नावाखाली येतात. भाषांतरात त्याला अवयवाचं नाव चिकटलं आणि तुमच्यासारखे कित्येक जण उगाच घाबरले. छी म्हणजे शरीरात खेळणारी शक्ती; ती कमी म्हणजे हे काम रेटायला जोर नाही. पाणी नीट खेळलं नाही की ‘ओल’: जडपणा, सुस्ती, जिभेवर चिकट थर. तुमचा ओला टॉवेल वाचून मला हसूच आलं, कारण ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात ओलीचं लक्षण हेच दिलंय, डोकं गुंडाळल्यासारखं होणं.

आता आरशात जीभ पाहा. ताणू नका, सैल सोडा. कडांना दातांचे ठसे दिसतात का, कापलेल्या नाण्याच्या कडेसारखे? फिकट, सुजरी, ठसे असलेली जीभ म्हणजे बाईंचं निदान त्यांच्या शास्त्रात अगदी पाठ्यपुस्तकी.

चालण्याचा प्रश्न तर मला सगळ्यात आवडतो. चालून आल्यावर हुशारी वाटली तर छी कमी नाही, अडकलीय. असा थकवा बहुधा मनातल्या मनात चरफडणाऱ्यांचा. चालून गळून गेलात तर खरंच कमी आहे. हातपाय गार पडत असतील तर यांग (शरीरातली ऊब) कमी, रात्री घाम फुटून तळवे तापत असतील तर यिन (शरीरातला थंडावा) कमी. थकवा एकच, पण औषध प्रत्येकाला वेगळं.

थकव्याचा आणि ‘पी’चा हा धागा पक्का केला तो ली तुंगयुआन या वैद्याने (1180–1251). 1232 साली मंगोलांनी चीनमधल्या काइफंग शहराला वेढा घातला. वेढा उठल्यावर शहरात लोक पटापट मेले. त्याचं म्हणणं, ही बाहेरून आलेली साथ नव्हे. उपासमार, भीती आणि अतिश्रमाने लोकांची आतली पचनाची ताकदच खचली होती. त्याचा आठ औषधींचा काढा, पूचोंग यीछी थांग, आजही थकव्यावर देतात.

आणि हो, ‘पी’चं आणखी एक काम मानतात: रक्त नळ्यांमध्ये धरून ठेवणं. पाळीचा प्रश्न त्यासाठी होता.

आधीरिपोर्ट

वर सगळं छान लिहिलंय, पण आठ महिने थकवा, पाळीत खूप रक्त, आणि रक्ततपासणीचा एक शब्द नाही? हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी12, साखर. घोरत असाल तर झोपेत श्वास अडतो का तेही. फेरिटिन मुद्दाम सांगून करून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. नाडीवरच्या बोटांना थायरॉइड कळत नाही.

जुनीजाणती

पुडकी फोडण्याआधी आत काय आहे त्याची यादी मागा, मोघम ‘हर्बल’ नको. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. जिनसेंगमुळे वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो, तांगक्वेइ या चिनी मुळीने उलट रक्तस्राव वाढू शकतो. तुमची पाळी बघता हे दुसरं आधी विचारा. 1990 च्या दशकात बेल्जियममध्ये बारीक होण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी भलतीच, अ‍ॅरिस्टोलोकिया, गेली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली. नावं मिळतीजुळती होती, बस एवढंच.

अर्धीझोप

तीन आठवड्यांनी परत आले. फेरिटिन 9, म्हणजे साठा जवळजवळ रिकामा. हिमोग्लोबिन 12.1, म्हणजे कागदावर मी धडधाकट! टीएसएच, बी12 ठीक. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाहिलं, गर्भाशयात एक छोटी गाठ निघाली, रक्त त्यामुळे जातंय. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात.

रिपोर्ट घेऊन त्या बाईंकडे गेले. वाटलं होतं वाद घालतील. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "हा आधी का नाही आणलात?" मी म्हटलं, तुम्ही मागितला नव्हता. त्यावर गप्प बसल्या. मग यादी दिली. तांगक्वेइ होतं त्यात. ती पुडकी मी परत केली.

आधीरिपोर्ट, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण एक सांगते, पाळीत किती रक्त जातं हे आठ महिन्यांत मला विचारलं ते फक्त त्या बाईंनी. आधीच्या डॉक्टरांनी ‘ताण घेऊ नका’ म्हणून पाठवलं होतं.

तीनबोटं, दातांचे ठसे आहेत! डावीकडे जास्त. चालल्यावर काय वाटतं ते वहीत लिहितेय. सतरा दिवसांपैकी चौदा दिवस ‘गळून गेले’, तीन दिवस ‘बरं’, आणि ते तिन्ही याच आठवड्यातले. टॉवेल अजून ओलाच आहे, पण दुपारची ओळ आता दोनदाच वाचावी लागते.