मदत हवी आहे: मुलीच्या सकाळच्या शिंकांचं मूळ घरात कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो, गल्लीत यंत्रमाग आहेत. नऊ वर्षांची लेक सकाळी अंथरुणातून उठली की शिंका सुरू, डोळे लाल, नाक चोंदलेलं. शाळेत गेली की दुपारपर्यंत बरी. म्हणून कारण घरातच असावं असं वाटतं. औषध चालू आहे, पण मूळ सापडल्याशिवाय चैन पडत नाही.

संशय तिघांवर आहे. खिडकीच्या जाळीवर सुताची पांढरी तुसं साचतात, बोट फिरवलं की लोकरीसारखी गुंडाळी निघते. दुसरा कूलर: गवताच्या जाळीला कुबट वास येतो, आणि खिडक्या बंद ठेवून लावला की खोलीत दमटपणा वाढतो. तिसरी कापसाची जुनी गादी. धुळीतले सूक्ष्म किडे गादी-उशीत राहतात, दमट हवेत वाढतात. ५० टक्क्यांखाली आर्द्रता ठेवली तर कमी होतात, एवढं वाचलंय. चादरी ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवायला लागले आहे.

आता एकेक गोष्ट बदलून पाहावी, की आधी त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करून घ्यावी? लहान मुलांची ही चाचणी कुणी करून घेतली आहे का? आधी गोळ्या बंद कराव्या लागतात ना? आणि कूलरशिवाय इथला उन्हाळा कसा काढता, तेही कृपया सांगा.