चर्चवाल्यांचा मदतनिधी कसा चालतो, कुणाला माहितीये का?

प्रेषक: खजिनदार
विषय: चर्चवाल्यांचा मदतनिधी

मंडळी नमस्कार,

आपल्या मंडळाचा स्टुडंट्ससाठीचा मदतनिधी कुणाला द्यायचा यावरून मागच्या आठवड्यात ईमेल लिस्टवर जे काय झालं ते सगळ्यांनी वाचलंच असेल, परत उगाळत नाही. एक वेगळीच गोष्ट विचारायचीये. आपण कोजागिरीला ज्या चर्चचा हॉल भाड्याने घेतो ना, त्यांनी आपल्यातल्याच एका स्टुडंटचं थकलेलं घरभाडं भरलं. पोरगा ख्रिस्ती नाही, त्यांचा मेंबर नाही, हॉलच्या खुर्च्या लावायला जायचा एवढीच ओळख, आणि एकही फॉर्म भरून घेतला नाही. इकडे आपण 'पात्रतेचे निकष' या दोन शब्दांवर वर्ष घालवलं आणि एक डॉलर कुणाला दिला नाही.

तर आपल्या लिस्टवर जी ख्रिस्ती मंडळी आहेत त्यांनी जरा सांगा, पैसे कोण गोळा करतं, कुणाला द्यायचे ते कोण ठरवतं, आणि मुख्य म्हणजे भांडणं होत नाहीत का?

– खजिनदार (अजून तरी)


प्रेषक: नगरकर
विषय: पुन्हा: चर्चवाल्यांचा मदतनिधी

सलाम मंडळी,

भांडणं होत नाहीत का, हे वाचून हसायला आलं. अहो पहिल्या दिवसापासून आहेत, आणि गंमत म्हणजे आमच्या शास्त्रातच ती लिहून ठेवलीयेत.

यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीचं, म्हणजे ख्रिस्ती समुदायाचं, वर्णन बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे, लोक शेतं-घरं विकून पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांच्या, पायाशी आणून ठेवायचे आणि ज्याला जशी गरज तसं वाटलं जायचं. बर्णबा नावाचा सायप्रसचा माणूस, त्याने शेत विकलं. दर वर्षी यावर प्रवचन होतं आणि पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) सहसा तिथेच थांबतात. पण पान उलटलं की लगेच हनन्या आणि सप्पीरा हे नवरा-बायको येतात, त्यांनीही जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि सांगितलं की सगळे दिले. आता नीट बघा, प्रेषितांचा म्होरक्या पेत्र हनन्याला काय म्हणतो, जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. म्हणजे कमी दिलं म्हणून कुणी बोललं नाही, खोटं बोलून मोठेपणा घेतला म्हणून बोलले. देणं सक्तीचं नव्हतंच.

आणि सहावा अध्याय तर आपल्या मंडळाने फ्रेम करून लावावा असा आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर सुरू झाली, म्हणजे वाटणारे सगळे तिथलेच, हिब्रूवाले, त्यांना आपल्याच विधवा आधी दिसायच्या. मुद्दाम करत असतील असं नाही, ओळखीचा माणूस आधी दिसतो. तर बारा प्रेषितांनी काय केलं, 'तुम्ही एकीला तडा घालताय' असं तक्रार करणाऱ्यांना सुनावलं नाही, चौकशी समिती नेमली नाही, सरळ सांगितलं की सात चांगल्या नावाची माणसं निवडा आणि वाटप त्यांच्याकडे द्या. आणि ती सातही नावं ग्रीक आहेत, स्तेफन, फिलिप, तीमोन वगैरे, त्यातला एक तर अंत्युखियाचा, जन्माने यहुदीही नव्हता. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच लोकांच्या हातात पळी दिली की हो! माझ्या मते सगळ्या कथेत याहून मोठं औदार्य नाही, शेत विकण्यापेक्षा हे अवघड आहे. पैसे द्यायला माणूस एक वेळ तयार होतो, कुणाला द्यायचे ते ठरवायचा हक्क सोडत नाही.

ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीचं सांगू का? तिथे प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या सामूहिक जेवणाला, सगळे जेवण आणायचे, आपल्या पॉटलकसारखंच. पण जे खाऊनपिऊन सुखी होते ते लवकर येऊन जेवून मोकळे व्हायचे, आणि कष्टकरी, गुलाम वगैरे काम संपवून येईपर्यंत भांडी रिकामी. पौल नावाचा प्रेषित त्यांना पत्रात चिडून लिहितो की एक उपाशी राहतो आणि एक पिऊन तर्र होतो, तुम्हाला खायला घरं नाहीत का, आणि शेवटी साधा उपाय सांगतो, एकमेकांसाठी थांबा. बस.

हिशोबाचंही आहे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी पौलाने बाहेरच्या मंडळ्यांत वर्गणी गोळा केली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, मी आल्यावर धावपळ नको. मासेदोनियावाले स्वतः कंगाल, तरी त्यांनी ऐपतीबाहेर दिलं, आणि करिंथचे श्रीमंत नुसतं देऊ देऊ म्हणत बसले, ओळखीचं वाटतंय ना? पण पैसे घेऊन तो एकटा गेला नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, आणि कारणही लिहिलंय की एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट दाखवायला नको. म्हणजे निधीमध्ये प्रेमही पाहिजे आणि पावतीही.

आमच्या नगरकडे म्हणाल तर हार्वेस्टच्या, म्हणजे पीक हाती आल्याचे आभार मानायच्या, रविवारी मजा असते. बाजरी, ज्वारी, अंडी, कोंबडी, लिंबं, पेरू, ज्याच्याकडे जे असेल ते वेदीपुढे येतं आणि उपासना झाली की लिलाव. एखादा भोपळा कुणी चढ्या भावाने घेतो आणि तिथेच परत देऊन टाकतो की पुन्हा लावा बोली. ज्या म्हातारीने दोन अंडी आणली तिच्या अंड्यांवरही मुद्दाम बोली चढवतात, ती पदर तोंडाला लावून हसते आणि तिची अंडी कोंबडीच्या भावाने जातात.

– नगरकर


प्रेषक: वसईवाली
विषय: पुन्हा: पुन्हा: चर्चवाल्यांचा मदतनिधी

नगरकर काकांनी प्रोटेस्टंट बाजू सांगितली, आता आमची कॅथलिक बाजू ऐका, थोडक्यात सांगते कारण मुलांना स्विमिंगला न्यायचंय.

आमच्या वसईत पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतली वस्ती) सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी असते. ही 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झाली आणि सुरू करणारा फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा कॉलेजचा पोरगा होता, सोबतचे बहुतेक त्याच्याच वयाचे. 'तुम्ही ख्रिस्ती लोक बोलता फार, करता काय' असं त्यांना वादविवादात कुणी तरी हिणवलं आणि हे सरळ गरिबांच्या घरी जळण घेऊन गेले. त्यांच्या दोन पद्धती मला आपल्या कामाच्या वाटतात. एक म्हणजे दोघा-दोघांनी घरी जायचं, माणसाला ऑफिसात बोलवायचं नाही, घरी गेलं की चूल कशी आहे, औषध आहे का, पोरं शाळेत जातात का हे न विचारता दिसतं, आणि तिथे जे दिसलं ते मिटिंगबाहेर न्यायचं नाही. माझे डॅडी त्यात होते, कुणाकडे जातात ते मम्मीलासुद्धा सांगायचे नाहीत आणि मम्मी त्यावरून वैतागायची. दुसरं म्हणजे मिटिंगच्या शेवटी गुप्त वर्गणी, पिशवी फिरते, मूठ आत घालायची, कुणी किती टाकले कुणालाच कळत नाही, आणि ज्याच्याकडे त्या आठवड्यात काही नाही तो रिकामी मूठ घालतो. आपल्याकडे वेबसाइटवर देणगीदारांच्या नावापुढे प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर लिहितो त्याच्या बरोब्बर उलटं.

आणि हो, वाटून घेणं म्हणजे नुसतं दान नाही. बसीन (म्हणजे वसईच) कॅथलिक बँक 1918 ची आहे, एका धर्मगुरूंच्या पुढाकाराने गावातल्या लोकांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून काढली, म्हणजे अडल्यावर सावकाराकडे जायला नको. आज तिथे कुठल्याही धर्माचा माणूस खातं उघडतो. कर्ज फेडणाऱ्याची मान ताठ राहते हा एक मोठा फायदा, आपल्या स्टुडंट्ससाठी बिनव्याजी उसने पैसे हा पर्याय ठेवा असं मी मागेही म्हटलं होतं, कुणी वाचलं नाही.

– वसईवाली


प्रेषक: शंकेखोर
विषय: पुन्हा: पुन्हा: चर्चवाल्यांचा मदतनिधी

दोघांचंही आवडलं पण थोडं एकतर्फी होतंय म्हणून लिहितो, राग मानू नका. दुष्काळात मिशनऱ्यांनी धान्य दिलं आणि लोक ख्रिस्ती झाले, 'राइस ख्रिश्चन' (खायला मिळावं म्हणून झालेले ख्रिस्ती) हा शब्द त्यांच्यातच होता. मग हे औदार्य की भरती? आणि एकी एकी म्हणता तर चर्चच्या जमिनींवरून कोर्टात केसेस चालू आहेत त्या कुणाच्या? लग्न जमवताना जात बघत नाहीत का?

– शंकेखोर


प्रेषक: नगरकर
विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: चर्चवाल्यांचा मदतनिधी

शंकेखोर साहेब, राग कसला. जात बघतात. मिळकतींवरून कोर्टात जातात, तेही खरं, आणि दोन्हीची लाज वाटते. दुष्काळात बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार) घेणाऱ्यांची रांग वाढली हेही खरं, पण जो उपाशी आहे त्याला खायला घालायचं की त्याचा हेतू शुद्ध होईपर्यंत थांबायचं, हे तुम्हीच सांगा. शिवाय माझ्या पणजोबांना ख्रिस्ती झाल्यावर काय मिळालं तर गावच्या पाणवठ्यावर आधी जो मज्जाव होता तोच पुढेही, आणि वर भावकीने तोंड फिरवलं. मिळालं काय तर शाळा, आणि एकाच पंगतीत बसायला. नगरच्या सुरुवातीच्या मंडळीत महारांची माणसं आणि खिस्ती, मोडक अशा आडनावांचे ब्राह्मण एका भाकरीचे तुकडे घेऊ लागले, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, हे किती अवघड गेलं असेल विचार करा. पूर्ण जमलं असं कुणी म्हणत नाही.

एकीचं म्हणाल तर 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बोलणी 1929 पासून, म्हणजे चाळीस वर्षं! अँग्लिकनांना बिशप (वरिष्ठ धर्मगुरू) हवे, बॅप्टिस्टांना लहान बाळांचा बाप्तिस्मा मान्य नाही, आमच्या नगरच्या परंपरेला कुणी वरून हुकूम सोडलेला चालत नाही. शेवटी बाप्तिस्म्याचं असं ठरलं की दोन्ही पद्धती राहतील, ज्याला बाळाला द्यायचा त्याने द्यावा, ज्याला मोठेपणी घ्यायचा त्याने घ्यावा. आणि मेथडिस्टांचा मोठा गट अगदी शेवटच्या वर्षी बाहेर पडला. तरी उरलेले थांबले नाहीत. तेव्हा आपल्या मंडळाच्या घटनादुरुस्तीला तिसरं वर्ष लागलंय त्याचं मला काही विशेष वाटत नाही.

आणि चर्चच्या भिंतीबाहेर बघणारेही आमच्यातच झाले. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही त्यात जागा. मिशनमधल्या बऱ्याच जणांना ते पचलं नाही. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार पुढे टिकला नाही, पण कल्पना बघा.

– नगरकर


प्रेषक: इतिहासवेडा
विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: चर्चवाल्यांचा मदतनिधी

मध्येच तोंड घालतो. खजिनदारांनी विचारलं की मेंबर नसलेल्याला कसं काय दिलं, तर हे जुनं आहे. रोमचा बादशहा ज्युलियन, ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परत गेलेला, 362 च्या सुमारास आपल्या एका पुजाऱ्याला पत्रात चिडून लिहितो की हे गॅलिलीवाले (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःचे गरीब पोसतातच, वर आपलेही पोसतात आणि आपल्या लोकांना आपल्याकडून काही मिळत नाही ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मग त्याने गलातिया प्रांतासाठी धान्य आणि वाईन मंजूर केली. विरोधकाने चिडून दिलेलं सर्टिफिकेट, याहून भरवशाचं काय पाहिजे. आपल्यावर असं कुणी कधी चिडलंय का?

– इतिहासवेडा


प्रेषक: ऐझॉल रिटर्न
विषय: पुन्हा: मूठभर तांदूळ

मी नोकरीत मिझोरामला होतो. तिथे प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) घरांमध्ये बाई स्वयंपाकाला तांदूळ घेते तेव्हा एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते, प्रत्येक जेवणाला. बुहफाई थाम म्हणतात. चर्चच्या बायका घरोघर फिरून ते गोळा करतात, मग विक्री होते आणि पैसा चर्चच्या कामाला. 1910 ला सुरू झालं, तेव्हा लोकांकडे रोकड नव्हतीच. आता वर्षाला कोट्यवधी रुपये होतात आणि जिथे गॅस आणि कुकर आलाय तिथेही मूठ बंद झालेली नाही. आमच्या घरमालकीणबाईंना विचारलं होतं की महिन्याला एकदम पैसे का नाही देत, सोपं पडेल, तर म्हणाल्या पैसे नवरा देतो, तांदूळ मी देते. त्यावर मी गप्प.

– ऐझॉल रिटर्न


प्रेषक: नवीन स्टुडंट
विषय: पुन्हा: पुन्हा: मूठभर तांदूळ

नमस्कार काका-काकू, लिस्टवर पहिल्यांदाच लिहितेय. नगरकर काकांनी ते ग्रीकवाल्या विधवांचं लिहिलं म्हणून धीर झाला. कमिटीत सगळे इथे खूप वर्षं राहिलेले आहेत, आम्हा स्टुडंट्समधलं कुणीच नाही, त्यामुळे 'गरजू विद्यार्थी' कोण ते ठरवताना आम्हाला कुणी विचारतच नाही. दोन मुलं फूड बँकेत (गरजूंना फुकट धान्य मिळतं तिथे) जातात पण मंडळाकडे मागणार नाहीत, कारण फॉर्मवर भारतातल्या पालकांचं उत्पन्न लिहायचंय आणि फॉर्म वाचणारे काका त्यांच्या बाबांच्या ओळखीचे निघू शकतात.

– विदर्भातली एक


प्रेषक: खजिनदार
विषय: पुन्हा: पुन्हा: मूठभर तांदूळ

विदर्भातल्या ताई, हे आधी कुणीच बोललं नव्हतं, लिहिलंत ते फार बरं केलंत.

रविवारच्या मिटिंगला मी तीन गोष्टी मांडणार आहे. फॉर्ममधून पालकांच्या उत्पन्नाचा रकाना काढायचा. वाटप ठरवायला चार जण, त्यातले तीन स्टुडंट्स आणि त्यांची निवड स्टुडंट्सनीच करायची, नावं कमिटीकडून जाणार नाहीत. आणि देणगीदारांची यादी वेबसाइटवरून खाली. तिसऱ्यावर प्लॅटिनमवाले उठून बसतील, त्यांना वसईच्या ताईंनी समजवावं, मला जमणार नाही. उसन्या पैशांचं पुढच्या वेळी घेऊ.

शंकेखोरांना ऑडिट करायला आवडेल का? हिशोब वर्षातून दोनदा, पण लाभार्थींची नावं त्यांनाही दिसणार नाहीत, फक्त रक्कम आणि तारीख.

– खजिनदार


प्रेषक: शंकेखोर
विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: मूठभर तांदूळ

नावं न बघता ऑडिट कसं करायचं बुवा? पावतीवर निदान नंबर तरी टाका. करतो, पण बँक स्टेटमेंट मला थेट बँकेकडून आलं पाहिजे, एक्सेल शीट चालणार नाही.

– शंकेखोर