मदत हवी आहे: घोडीला दीड महिन्यात दुसऱ्यांदा पोटशूळ, आता खोकलाही

नमस्कार मंडळी,

जिंतूर तालुक्यात येलदरीकडे आमचं गाव. दारात एकच घोडी, पाखरी. वय चौदा, काठेवाडी. अण्णांनी माळेगावच्या यात्रेतून आणली त्याला दहा वर्षं झाली. लग्नसराईत वरातीला जाते, एरवी लिंबाखाली उभी. जरा लांबड लावतो, कारण माझंच कुठं चुकलं ते मला कळायला हवंय.

पाडव्यानंतर विहीर आटली, लसूणघास वाळून गेला. मी एका दिवसात तिला कडब्यावर आणलं. कुट्टी, वर गव्हाचा कोंडा, संध्याकाळी भिजवलेला हरभरा. पाणी टँकरचं. त्याला पावडरीचा वास येतो म्हणून ती नुसतं नाक लावून मागं सरायची. १५ लिटरच्या तीन बादल्या पिणारी घोडी दीड बादलीवर आली होती. हे मी बघत होतो आणि 'तहान लागली की पिईल' म्हणत होतो. पाचव्या दिवशी पोट दुखायला लागलं. तेव्हा डॉक्टरांनी हात घालून तपासलं, तर डावीकडं आतडं वळतं तिथं लिदीचा घट्ट गोळा. नाकातून नळी घालून पाणी आणि पॅराफीन सोडलं, शिरेत इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी मोकळी झाली.

परवा पुन्हा. वरात आटोपून रात्री साडेअकराला घरी आलो. तापलेल्या घोडीला पाणी दाखवू नये असं लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणून थेट तोबरा लावला. तिनं तोंड फिरवलं. मग वरचा ओठ उलटा करायली, सारखी मान वळवून कुशीकडं बघायली. पुढच्या उजव्या पायानं उकरून उकरून वीतभर खड्डा केला. कानामागं घाम आणि कान हाताला गार. कुशीला कान लावला. एरवी रांजणात पाणी हलल्यासारखा आवाज येतो. डावीकडं काहीच नव्हतं. उजवीकडं बऱ्याच वेळानं एकदा बारीक गुडगुड.

नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी, दुसऱ्यांनी फोन उचलला नाही. शेजारचे मामा आले. "अरे, गोडंतेल अन् हिंग पाज, मोकळी होईल." डोकं मी वर धरलं, मामांनी बांबूच्या नळकांड्यानं ओतलं. निम्मं सांडलं, ती जोरात ठसकली. मग सगळे म्हणाले, खाली बसू देऊ नको. म्हणून पहाटे पाचपर्यंत फिरवली. तिचे पाय अडखळायला लागले तेव्हा थांबलो. साडेसहाला डॉक्टर आले, पुन्हा नळी, पुन्हा इंजेक्शन. दुपारी लीद टाकली. सुपारीएवढ्या कडक गोळ्या, वर चिकट पांढरं.

पोट आता बरं दिसतंय, पण कालपासून खोकतेय. खोकला त्या तेलाचा असेल का? पुन्हा असं झालं तर डॉक्टर येईपर्यंत नक्की काय करायचं? आणि पाऊस पडेस्तोवर कडब्याशिवाय माझ्याकडं काही नाही, तर तो कसा द्यायचा? अण्णा मला बोलत नाहीत, पण रात्री दोनदा बॅटरी घेऊन उठतात. मधल्या वेळात मी उठतो.

प्रतिसाद १ (निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, उदगीर)

बाकीचं नंतर वाचा, आधी ताप बघा. थर्मामीटरला दोरा बांधून दुसरं टोक शेपटीला कपड्याच्या चिमट्यानं अडकवा, नाहीतर आत ओढला जातो. ९९ ते १०१.५ ठीक. त्यावर असेल तर पोट बाजूला ठेवून छाती तपासून घ्या. तेल फुफ्फुसात उतरलं असेल तर तो न्यूमोनिया पोटशुळाइतकाच जीवघेणा. तोंडातून ओतायचंच नाही, नळी नाकातून आणि डॉक्टरांच्याच हातानं. मामांना नमस्कार सांगा आणि ते नळकांडं चुलीत घाला.

घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढंच सरकायला हवं. त्यामुळं दुखायला लागलं की चारा, तोबरा सगळं समोरून उचला. पाणी राहू द्या. जबड्याच्या खाली आतल्या बाजूला बोटं ठेवली की नाडी लागते. मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली आणि तशीच राहिली तर दुसऱ्या डॉक्टरांची वाट बघू नका, घोडी गाडीत घाला. हिरडी अंगठ्यानं दाबून सोडा, दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. विटकरी किंवा जांभळट दिसली तर धोका. हे सगळं वेळेसकट कागदावर लिहून ठेवा, येणाऱ्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

फिरवणं दहा-पंधरा मिनिटं पुरे. गुपचूप पडून राहत असेल तर पडू द्या. आपटून घेत, लोळत असेल तरच उठवा. आणि दुखणं थांबवायचं इंजेक्शन मेडिकलातून आणून स्वतः टोचू नका. दुखणं झाकलं जातं, आतला पीळ तसाच राहतो आणि आपण निवांत झोपतो.

प्रतिसाद २ (जालन्याचा वरातवाला)

दादा, कडब्याला नावं ठेवू नका. माझ्या तिन्ही घोड्या कडब्यावरच आहेत. पण कुट्टी रात्री भिजत घालायची, वरची जाड धांडं काढून टाकायची, आणि नवा चारा जुन्यात मिसळत दहा दिवसांत बदलायचा. दिवसाचं एकदम न घालता चार-पाच वेळा थोडं थोडं. खाली टाकू नका, घमेल्यात द्या, मातीही पोटात जाऊन बसते. टँकरचं पाणी रात्रभर उघड्या टाकीत राहू द्या, वास कमी होतो. तोबऱ्यात मूठभर मीठ टाकलं की पाण्यावर तोंड टाकते.

चौदा वर्षांची आहे तर दात बघितलेत का? माझ्या म्हातारीच्या दाढांना धार आली होती, कडबा अर्धवट चावून गिळायची. कानस मारून घेतल्यावर लीद बारीक यायला लागली. लिदीत बोटभर लांब काड्या दिसल्या की समजायचं. तापलेल्या घोडीला मात्र मीही पाणी देत नाही.

प्रतिसाद १ (निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, उदगीर)

वरातवाले, मूठभर मीठ एकदम जास्त, दोन चमचे पुरे. आणि त्या पाण्याच्या नियमानं किती घोड्या कोरड्या राहिल्या असतील! तीन-चार तास डीजेपुढं नाचून घोडी घामानं निथळते, तेव्हाच तिला पाण्याची गरज. आठ-दहा घोट द्या, थोडं चालवा, पुन्हा द्या. तोबरा मात्र तासभरानं, अंग निवल्यावर. यांनी नेमकं उलटं केलं.

मूळ प्रश्नकर्ता

ताप १०२.८. तीनदा मोजला. उभ्या जागी श्वास मिनिटाला तीस. डाव्या नाकपुडीतून पिवळसर पाणी आहे, सकाळी ते मला पेंडीचं वाटलं होतं. दाढांचं खरं असावं, लिदीत काड्या सापडल्या. अण्णांना वाचून दाखवलं. नळकांडं त्यांनीच फोडलं.

प्रतिसाद १ (निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, उदगीर)

मग घरी थांबू नका. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या, छाती आणि दाढा दोन्ही दाखवा. तेल पाजल्याचं लाजून लपवू नका, पहिलं वाक्य तेच सांगा. आत्ता १९६२ हा जनावरांच्या दवाखान्याचा मदत क्रमांक लावून तालुक्यात फिरतं पथक आहे का विचारा. निघायच्या आधी कोणी येऊन बघून गेलं तर बरंच.

मूळ प्रश्नकर्ता

पिकअप ठरलं. उन्हाच्या आत पोचायला पहाटे चारला निघतो. हौद्यात खाली काय टाकू? ड्रायव्हर रेती म्हणतोय.

प्रतिसाद २ (जालन्याचा वरातवाला)

रेती नको, ती हुंगत बसेल आणि धूळ नाकात जाईल. पोती ओली करून दोन थर अंथरा, पाय घसरत नाहीत. दोरी आखूड बांधू नका, मान खाली घालता आली पाहिजे, म्हणजे छातीतलं बाहेर पडतं. ड्रायव्हरशेजारी अण्णांना बसवा, तुम्ही मागं उभे राहा. आणि तिची नेहमीची बादली बरोबर घ्या.