आरएफपी (प्रस्ताव मागवणारं पत्र) पाठवताना सहाही पुरवठादार एकाच सीसीत गेले. आता?

भांडारातली_नवीन
नमस्कार. पुण्यातल्या एका केंद्रीय संस्थेच्या खरेदी विभागात चार महिन्यांपूर्वी आले. त्याआधी अकरा वर्षं आस्थापनेत रजा आणि वेतनवाढी केल्या, त्यामुळे हे सगळं नवीनच. ग्रंथालयातल्या जुन्या पोथ्या स्कॅन करून घ्यायच्यात. अंदाजे साडेआठ लाखांचं काम, म्हणून मर्यादित निविदा, म्हणजे निवडक पुरवठादारांनाच विचारायचं. समितीने सहा पुरवठादार काढले. सोमवारी मी सगळ्यांना आरएफपी मेल केली, तीही सहाही पत्ते सीसीत टाकून, म्हणजे प्रत्येकाला बाकीचे पाच दिसले. तासाभरात एकाने 'रिप्लाय ऑल' करून विचारलं, "पान ए3पेक्षा मोठं आहे का?" तेव्हा कळलं काय करून बसले ते. मुदत संपायला दहा दिवस आहेत. साहेब म्हणतात, "काही होत नाही, चालू दे." गप्प बसू का?

निवृत्त_भांडारपाल
ताई, गप्प बसू नका. कुणाकुणाला विचारलंय हे कळलं की संध्याकाळपर्यंत एकमेकांना फोन जातात: यंदा तू घे, पुढच्या वेळी मी. स्पर्धा कायदा 2002च्या कलम 3मध्ये हे बसतं, पण सिद्ध कोण करणार? आमच्याकडे एकदा तीन लेटरहेडवर तीन दरपत्रकं आली, तिन्हींत 'आर्थिक'ची वेलांटी चुकलेली. तिन्ही एकाच घरातून! आधी फाईलवर टिपणी टाका, चूक कुणाची, कधी, स्पष्ट लिहा. मग ही निविदा रद्द करून खुली काढा.

लाल_पेन्सिल
मी लेखापरीक्षणात होतो. सहा पुरवठादार ठीक, नियम तीनपेक्षा जास्त म्हणतो. पण आम्ही आधी जावक नोंद बघायचो. सगळ्यांना एकाच दिवशी तोच मजकूर गेला का? ए3च्या प्रश्नाचं उत्तर एकट्याला देऊ नका. प्रश्न कुणाचा ते न सांगता सर्वांना कळवा, प्रत्येकाला वेगळा मेल. आणि मूळ प्रश्न: जेमवर (सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल) स्कॅनिंगची सेवा आहे. जीएफआर 2017चा (केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांचा) नियम 149 आधी तिथे बघा म्हणतो. तिथे निमंत्रण यंत्रणेतूनच जातं, सीसीची भानगडच नाही.

भांडारातली_नवीन
जेमचं ग्रंथपालांना विचारलं. त्यांचं म्हणणं, तिथली सेवा सुट्या कागदांसाठी, पोथ्यांना ती चालणार नाही. पण तसं कुणी फाईलवर लिहिलेलंच नाही.

लाल_पेन्सिल
मग आधी ते लिहून घ्या. 'जेमवर उपलब्ध नाही' असा अहवाल जेमवरूनच काढता येतो, तो फाईलला लावा. तोंडी कारण लेखापरीक्षणात चालत नाही.

भांडारातली_नवीन
काल रद्द करण्याची टिपणी वर पाठवली, माझी चूक पहिल्याच परिच्छेदात. आज फाईल परत आली. शेरा एवढाच: 'चर्चा करावी'. साहेब आजपासून सोमवारपर्यंत रजेवर आहेत. ग्रंथपालांसोबत पोथ्या मोजून आले. सगळ्यात लांब पान 45 सेंटीमीटरचं आहे, म्हणजे ए3त बसत नाही. हे आरएफपीत कुठेच नव्हतं.